एचआयव्हीसह जगणारी माणसं आणि आपली मंडळी: पुण्यातल्या देवळांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निवृत्त परिचारिका आहे आणि आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला संघाची सभासद. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वेगवेगळ्या मंडळ्यांत एचआयव्हीबद्दल बोलायला जाते. सभेत हात वर करून फार कोणी विचारत नाही. चहाच्या वेळी मात्र लोक बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात. खालचे बहुतेक प्रश्न असे चहाच्या वेळचे आहेत. ‘मंडळी’ म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. मी ‘पाळक’ लिहिलं आहे तिथं कॅथलिक वाचकांनी ‘फादर’ वाचावं. उपासनेच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी या बाबतीत आपल्या अडचणी सारख्याच आहेत.

आमच्या मंडळीत असं कोणीच नाही. मग आम्ही हे का वाचायचं?

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. त्यातली ३ लाख ९४ हजारांच्या आसपास महाराष्ट्रात होती, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ही माणसं आपल्याच शहरात कामाला जातात, मुलांची फी भरतात आणि रविवारी देवळातही येतात. गोळ्या नियमित चालू असल्या की चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. पेटी वाजवणारा भाऊ असेल, नाताळाच्या करंज्या तळायला सगळ्यांत आधी येणारी वहिनी असेल.

‘आमच्यात कोणी नाही’ याचा खरा अर्थ ‘आम्हाला कोणी सांगितलेलं नाही’ एवढाच. सांगितलं का नाही, ते पुढच्या उत्तरात.

सुरुवात नेमकी कुठून करायची? शिबिर घ्यावं, फेरी काढावी की निधी उभारावा?

सुरुवात तोंडापासून करा. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवायला शिकणं हे मंडळीचं पहिलं काम. बाकी सगळं त्यानंतर.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरसभेत प्रार्थनेच्या विनंत्या चालू होत्या. एक ज्येष्ठ बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘आपल्यातल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा, तिला तो मोठा आजार निघालाय.’ नाव घेतलं नाही. पण नवरा कुठल्या कारखान्यात होता, तो कधी वारला, ती कुठल्या गल्लीत राहते, हे सगळं सांगितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या रविवारी ती बहीण देवळात आली नाही आणि नंतरही कधी आली नाही. दोन महिन्यांत घरमालकानं खोली रिकामी करायला लावली. त्या सभेत मीही होते. त्या प्रार्थनेला मीही आमेन म्हटलं होतं. आपण तिथंच मध्ये बोलायला हवं होतं, हे मला अजून सलतं.

आपल्या मंडळ्यांत बातमी पसरते ती बहुतेक वेळा अशीच, प्रार्थनेची विनंती म्हणून. आता तर व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. तिथं एकदा पडलेली गोष्ट परत घेता येत नाही. म्हणून काही सवयी लावून घ्या. आजाराचं नाव जाहीर प्रार्थनेत घ्यायचं नाही, कोणताच आजार असो. ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करू’ एवढं पुरतं, देवाला पत्ता माहीत आहे. मदतीच्या वहीत ‘वैद्यकीय मदत’ एवढंच लिहायचं. पाळकांना कळलेली गोष्ट पाळकीणबाईंनाही कळली पाहिजे असं नाही, आणि कमिटीला तर नाहीच. एखाद्याला सांगणं गरजेचंच वाटलं, तर आधी त्या माणसाला विचारायचं: कोणाला सांगू, किती सांगू?

बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरं करतो आणि लगेच बजावतो, कोणाला सांगू नकोस. आपण त्या स्पर्शावर पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. पुढच्या वाक्यावर मी फारसे ऐकलेले नाहीत.

कोणी येऊन ‘मी पॉझिटिव्ह आहे’ असं सांगितलं, तर पाळकांनी काय बोलावं?

सुरुवातीला फार बोलू नये. ‘कसं झालं?’ हा प्रश्न विचारू नये. तो सगळ्यांच्या जिभेवर येतो आणि समोरच्याला तो चौकशीसारखा लागतो. ‘सांगितलंत, बरं केलंत. हे माझ्यापाशीच राहील,’ एवढं म्हणावं आणि ते पाळावं. मग येशूनं बार्तीमयला जे विचारलं तेच विचारावं: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो आंधळा होता, त्याला काय हवं ते उघड होतं, तरीही येशूनं विचारलं. कोणाला प्रार्थना हवी असते, कोणाला दवाखान्यात सोबत हवी असते, कोणाला बायकोला कसं सांगायचं ते समजत नसतं. काही जणांना फक्त एका माणसापुढे ते मोठ्यानं म्हणून बघायचं असतं.

गोळ्या सुरू आहेत का, हे मात्र त्याच भेटीत विचारावं. नसतील तर त्याच आठवड्यात सोबत जावं.

प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. त्यातून लागण होणार नाही ना?

नाही. एचआयव्ही थुंकीतून पसरत नाही. एका प्याल्यातून पिण्यानं, एका ताटात जेवल्यानं, हात मिळवल्यानं, मिठी मारल्यानं, डास चावल्यानं, एकच संडास वापरल्यानं तो होत नाही. सामायिक प्याल्यातून एचआयव्ही झाल्याची एकही नोंद जगात नाही. तो पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, सामायिक सुयांमधून, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून.

सर्दी-खोकल्यासाठी म्हणून तुमच्या मंडळीत लहान ग्लास वापरत असतील, तर खुशाल वापरा. पण एखाद्याचं समजल्यावर त्याच महिन्यात प्याला बंद करून ग्लास आणले, तर त्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो. आणि त्याला शेवटी यायला सांगणं, वेगळा ग्लास ठेवणं, हे तर त्या मेजापाशी शोभतच नाही. आमच्या ओळखीच्या एका पाळकांनी असं केलं की कोणी काही विचारायच्या आत त्या रविवारी स्वतः सगळ्यांच्या नंतर त्याच प्याल्यातून घेतलं. त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.

पण हा आजार पापाचं फळ नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारतात: पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो. तो माणूस तिथं उभा राहून सगळं ऐकत होता, हे आपण विसरतो. देवळातल्या बाकावरही कोणीतरी ऐकत बसलेलं असतं.

आता पुण्याकडे बघू. मी नोकरीत असताना ज्या बायका पाहिल्या, त्यातल्या पुष्कळ जणी लग्नाच्या नवऱ्याशिवाय कोणाला ओळखत नव्हत्या. गरोदरपणीच्या तपासणीत त्यांना कळलं. नवरा गेला, सासरच्यांनी पांढऱ्या पायाची ठरवलं, माहेरी भावजय बोलेना. त्यांच्या पोरांनी कुठलं पाप केलं होतं? आणि समजा एखाद्यानं खरंच चूक केली असेल, तर देवळात बसलेल्या बाकीच्यांचा हिशेब आपण दारात तपासतो का? मधुमेहवाल्या भावाला आपण खादाडपणाबद्दल विचारत नाही. तंबाखूनं कर्करोग झालेल्याच्या घरी आपण जेवणाचा डबा घेऊन जातो.

पश्चात्ताप, क्षमा, नवं जीवन यावर उपदेश जरूर व्हावा, तो सगळ्यांसाठी आहे. एचआयव्हीचं नाव त्यातलं उदाहरण म्हणून वापरू नका.

प्रार्थनेनं एचआयव्ही बरा होतो ना? मग गोळ्या थांबवल्या तर चालेल?

गोळ्या थांबवू नका. कोणीही सांगितलं, कितीही मोठ्या सभेत सांगितलं, तरी थांबवू नका. या एका गोष्टीत मी कोणाची भीड ठेवत नाही, कारण त्यापायी गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

शरीरात काय होतं ते समजून घेऊ. गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात. रक्तातलं त्याचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतकं खाली येतं की यंत्रालाही दिसत नाही. माणसाचं वजन वाढतं, भूक लागते, तो कामावर जातो. रिपोर्टवर विषाणू ‘सापडला नाही’ असं वाचून त्याला वाटतं आपण बरे झालो, आणि ‘देवानं मला बरं केलं’ अशी साक्ष द्यायला देवळात कोणीतरी त्याला उभं करतं. पण विषाणू शरीरातल्या काही पेशींमध्ये दडून बसलेला असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा वर येतो. गोळ्या मध्येच सोडत-धरत राहिलं तर तो त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो आणि मग दुसरी, जड औषधं लागतात. दरम्यान क्षयरोग गाठतो. एचआयव्ही असलेल्यांचा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा घात क्षयरोगानंच होतो.

बाळांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. पॉझिटिव्ह आईच्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं अनेक महिने राहतात, त्यामुळे साधी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. पक्कं निदान १८ महिन्यांनी होतं. बाळाला मुळात लागण झालेली नसेल, तर ती प्रतिद्रव्यं निघून जातात आणि तपासणी निगेटिव्ह येते. मग लोकांना वाटतं, बाळ फक्त प्रार्थनेनं बरं झालं. आईनं गरोदरपणी वेळेवर गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध पाजलं, म्हणून बाळ वाचलं. त्याबद्दल देवाचे आभार मानावेतच. पण सभेत सांगताना गोळ्यांचं नाव गाळू नये. ऐकणारी दुसरी आई ते ऐकून आपल्या गोळ्या सोडेल.

मग प्रार्थना करायची की नाही? करायची, डोक्यावर हात ठेवून करायची. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्यानं रडून प्रार्थना केली आणि देवानं त्याची पंधरा वर्षं वाढवली. त्याच अध्यायात यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. प्रार्थना आणि लेप दोन्ही एकाच घरात होते. पुरंदरच्या अंजिरांवर वाढलेल्या आपल्या भागाला तरी हे जड वाटू नये. आणि मार्कातल्या त्या कुष्ठरोग्याला येशू याजकाकडे जाऊन दाखव असं सांगतो. बरं झालं की नाही हे तपासून सांगायचा अधिकार त्या काळी याजकाचा होता. आज तो एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरांचा आहे. कोणाला आपण बरे झालो असं वाटत असेल, तर त्याला गोळ्या चालू ठेवून तिथं पाठवा.

बाहेरून उपदेशक बोलावता तेव्हा त्यांना आधीच स्पष्ट सांगा: आमच्या व्यासपीठावरून कोणाला औषध सोडायला सांगायचं नाही. क्षयाचं नाही, साखरेचं नाही, एचआयव्हीचं नाही.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, उपवास असतो. तेव्हा गोळीचं काय?

सध्या बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती जेवून किंवा न जेवता घेता येते. म्हणजे उपवास हे गोळी चुकवायचं कारण होत नाही. पाण्याबरोबर घ्यावी. ज्यांची औषधं वेगळी आहेत, ज्यांना क्षयरोगाचीही औषधं चालू आहेत, ज्यांचं वजन कमी आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाळकांनी अशांना आपणहून सूट द्यावी. त्यांना मागायला लावू नये.

तपासणी आणि गोळ्या कुठे मिळतात? खर्च किती?

सरकारी केंद्रांत दोन्ही मोफत. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असला तरी, निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करायचं धोरण आहे. पुण्यात ससूनमध्ये आणि पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे वायसीएममध्ये, एआरटी सेंटर आहे. तपासणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, होते आणि आधी-नंतर समुपदेशन मिळतं. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. एचआयव्हीवरची राष्ट्रीय संशोधन संस्था १९९२ पासून आपल्याच भोसरीत आहे, आणि तरी तिथून दोन स्टॉप अलीकडे कोणी पॉझिटिव्ह माणसाच्या घरचा चहा नाकारतं, हे मी पाहिलेलं आहे.

औषध फुकट असलं तरी त्या दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं लागतं. ओळखीचं कोणी भेटेल या धास्तीनं काही जण जवळचं सेंटर सोडून लांबच्या सेंटरला नाव घालतात. इथं मंडळीला खरोखर करण्यासारखं काम आहे. केडगाव, दौंडकडून गाडीनं येणारी माणसं पुणे स्टेशनला उतरून ससूनला चालत जातात. सकाळी लवकर निघालेली असतात, पोटात काही नसतं. स्टेशनजवळच्या मंडळीनं त्यांना पोहे-चहा आणि टेकायला जागा दिली, ती कोणासाठी आहे याची पाटी न लावता, तर मोठी सोय होईल. दुचाकी असलेल्या तरुण संघाच्या मुलांना सोडणं-आणणं जमेल. कोणाला घेऊन चाललो आहोत आणि कशासाठी, ते त्यांना कळायची गरज नाही. ‘काकूंना ससूनला सोडून ये’ एवढंच सांगा.

पॉझिटिव्ह व्यक्तीचं लग्न देवळात लावता येतं का? लग्नाआधी तपासणी सक्तीची करावी का?

लग्न लावता येतं. नियमित उपचारानं ज्यांचा व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला आहे, त्यांच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. दोघंही पॉझिटिव्ह असलेली आणि दोघांतला एकच पॉझिटिव्ह असलेली, अशी दोन्ही प्रकारची जोडपी संसार करतात आणि त्यांना निगेटिव्ह मुलं होतात.

सक्ती करू नये. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. शिवाय दाखला आज निगेटिव्ह आला म्हणून उद्याची हमी मिळत नाही, आणि लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत दिसतही नाही. दाखला देवळाच्या कपाटात पडला की तो कोण वाचतं, हेही बघा.

पण लपवून लग्न लावणं हाही अन्याय आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा मुलीनं मोजलेली आहे. म्हणून लग्नापूर्वीच्या समुपदेशनात प्रत्येक जोडप्याला, कोणालाही न वगळता, पाळकांनी सांगावं की दोघांनी मिळून तपासणी करून घ्या आणि निकाल एकमेकांना दाखवा, मला नको. एखाद्याचं आधीच माहीत असेल तर त्याला देवळात लग्नाची घोषणा होण्याआधी जोडीदाराला सांगायला वेळ आणि धीर द्यावा, समुपदेशकाची गाठ घालून द्यावी. लग्न मोडलंच, तर का मोडलं हे देवळात कोणाला सांगू नये.

बाळंतिणीला भेटायला जाताना काय लक्षात ठेवावं?

गुटी, मध, वरचं दूध पाजायचा आग्रह धरू नका. उपचारावर असलेल्या आईला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजायला सांगितलेलं असतं. त्यात वरचं मिसळलं तर बाळाचा धोका वाढतो. ती नाही म्हणाली तर ‘का गं?’ असं खोदून विचारू नका. खरं तर कुठल्याच बाळाला हे पाजू नये, मग कोणाला वेगळं वाटायचं कारणही उरत नाही.

संडे स्कूलमध्ये पॉझिटिव्ह मूल असेल तर?

तर ते इतर मुलांसारखं खेळेल, पडेल, गाणी म्हणेल आणि नाताळाच्या नाटकात काम करेल. गुडघा फुटला तर रक्त पुसताना हातमोजे घाला आणि जखम बांधा. हे प्रत्येक मुलाच्या रक्ताबाबत करायचं, म्हणजे कोणाचं काय आहे हे शिक्षिकेला माहीत असण्याची गरजच राहत नाही.

मुलाला स्वतःला ठाऊक आहे का, हा नाजूक भाग आहे. घरचे आणि समुपदेशक मिळून शाळकरी वयात टप्प्याटप्प्यानं सांगतात. त्याच्या आत आपल्यातल्या कोणाच्या बोलण्यातून त्याला कळू नये. मोठी होताना, चौदा-पंधराव्या वर्षी, ही मुलं गोळ्यांना कंटाळतात. ‘मलाच का?’ म्हणतात, गोळी उशीखाली लपवतात. त्या वयात आईबापांखेरीज एखादं मोठं माणूस लागतं. दर रविवारी ‘काय रे, कसं चाललंय?’ विचारणारा, बरोबर क्रिकेट बघणारा दादा त्या वयात खूप उपयोगी पडतो. आईबाप दोघंही गेलेली मुलं आजीकडे असतात आणि आजी थकलेली असते. त्या आजीला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून देणं हे महिला संघाला जमण्यासारखं आहे. भूगावला ‘मानव्य’ संस्थेनं अशा मुलांना घर दिलं. ताडीवाला रोडच्या वस्तीत दीपगृह सोसायटीनं याच विषयात काम उभं केलं. अशा ठिकाणी विचारून गेलात तर शिकायला मिळतं. फोटो काढायला जाऊ नका.

कंडोमबद्दल देवळात बोलायचं का?

यावर मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे, ती मी इथं सोडवू शकत नाही. माझं स्वतःचं मत असं: कंडोम नीट वापरला तर तो लागण रोखतो, ही वैद्यकीय गोष्ट कोणी व्यासपीठावरून खोटी ठरवू नये. ज्यांना ते देवळात बोलायचं नाही त्यांनी तरुणांना समुपदेशकाकडे पाठवावं. बलात्कार किंवा सुई टोचणं असा प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. हे तरी प्रत्येक पाळकाला पाठ असावं.

बुधवार पेठेतल्या देहविक्री करणाऱ्या बायका, तृतीयपंथी, नशा करणारी मुलं. त्यांना मंडळीत कसं घ्यायचं?

पंचहौदाचं देऊळ १८८५ पासून गुरुवार पेठेत उभं आहे. तिथून बुधवार पेठ पायी किती वेळाची, ते पुणेकराला सांगायला नको. अंतर पायांचं नाहीच.

या लोकांसाठी आधीपासून काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या स्वतःच्या संघटनाही आहेत. आपण तिथं उद्धार करायला गेलो की दार बंद होतं. ऐकायला गेलो तर कधीतरी उघडतं. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. त्याच साथीत पुण्यात रोगी बायकांना कसं वागवलं जातं, यावर पंडिता रमाबाईंनी उघड टीका केली. आधी जीव आणि अब्रू, मग बाकीचं, हा धडा या गावात आपल्याला कोणी बाहेरून आणून द्यायला नको.

आणि कोणी देवळात आलंच, तर त्यांना मागच्या बाकावर एकटं बसू देऊ नका. शेजारी जाऊन बसा, उपासना-संगीताचं पुस्तक पुढे करा. आयुष्याची चौकशी पहिल्या रविवारी नको.

कायदा मंडळीला लागू होतो का?

होतो. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. विश्वासानं सांगितलेली एखाद्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि ती संमती लेखी नोंदवलेली असावी लागते. नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडं यांत भेदभाव करायला मनाई आहे. मंडळीची शाळा, वसतिगृह, दवाखाना असेल तर हे नीट वाचा, आणि देवळाच्या माळ्याची किंवा आयाची नोकरी या कारणानं गेली तर तोही भेदभावच. एचआयव्हीसह जगणाऱ्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या बोलण्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विधवेला आणि मुलांना राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हे कलम मी दर सभेत सांगते, कारण सासू-सासरे देवळातच बसलेले असतात. आईबाप नसतील किंवा असमर्थ असतील, तर बारा वर्षांवरचं समजूतदार भावंड धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून सही करू शकतं. किती लहान वयात ही पाळी येते, ते या कलमावरून कळावं.

पैशांची मदत कशी करावी?

आधी सरकारी हक्क मिळवून द्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, एसटीच्या प्रवासात सवलत आहे. अर्ज भरणं, दाखले गोळा करणं, तहसील कार्यालयात खेपा घालणं यातच माणसं थकतात. मंडळीत एखादे निवृत्त कारकून असतातच, त्यांना हे काम द्या. मंडळीचा निधी औषधाच्या दिवसाचं भाडं, क्षयाच्या उपचारात लागणारी अंडी-डाळ, मुलांची फी यासाठी ठेवा. वाटप समारंभ करू नका.

अंत्यविधीच्या वेळी काही वेगळं करायचं का?

नाही. अंघोळ घालताना हातमोजे घालावेत, जखम असेल तर झाकावी, जे कुठल्याही देहाबाबत करावं तेच. पेटी उघडी ठेवता येते, शेवटचं दर्शन घेता येतं, कपाळाचं चुंबनही घेता येतं. दफनभूमीत जागा नाकारणं किंवा कोपऱ्यात वेगळी देणं हे कायद्याविरुद्ध आहे, त्यात दफनभूमी आणि अंत्यसंस्कार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मृत्यूचं कारण उपदेशात सांगू नका. मागे राहिलेल्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं.

१ डिसेंबरला काय करावं?

जागतिक एड्स दिन आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, सुरुवातीच्या आसपास येतो, त्यामुळे त्या रविवारच्या उपासनेत तो सहज बसतो. लाल फीत लावा, डॉक्टरांना बोलवा. पण कोणालाही पुढे उभं करून साक्ष द्यायला लावू नका. स्वतःहून कोणी म्हणालं तरी आधी घरच्यांशी बोलायला सांगा, महिनाभर थांबा, मग पुन्हा विचारा.

एक छोटं काम मात्र वर्षभरासाठी करून ठेवा. १०९७ हा क्रमांक आणि जवळच्या आयसीटीसीचा पत्ता मोठ्या अक्षरांत छापून देवळाच्या आवारातल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या संडासाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवा. सूचनाफलकावर लावलेला क्रमांक कोणी सगळ्यांदेखत उतरवून घेत नाही. आमच्याकडे तो कागद दोनदा फाटला, दोन्ही वेळा क्रमांकाचाच तुकडा कोणीतरी फाडून नेला होता. आम्ही तिसरा लावला आहे.